सत्तावीस नंबरचं रफू

इचलकरंजीत कापडाला रफू करणाऱ्या बायकांना एक खोड असते. कुणाच्याही अंगावरचं कापड बघितलं की त्यांची नजर आधी डाग शोधते. मी आणि अक्का लग्नाच्या पंगतीला बसलो की समोरच्याच्या नव्या शर्टात धागा कुठे सुटलाय ते आधी बघायचो आणि मग पानातलं जेवण. ही खोड मला अक्कानंच लावली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि अक्का एकवीस. तिनं मला वाढवलं, माझं लग्न करून दिलं आणि ते टिकलं नाही तेव्हा मला परत घरात घेतलंही तिनंच. स्वतःच्या लग्नाचं तिच्या कधी लक्षातच आलं नाही, असं ती म्हणते. मी ते खरं मानते, कारण नाही मानलं तर रात्री झोप लागणार नाही.

यंत्रमागावरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं, तुटलेला धागा शोधायचा, सुईनं तिथे नवा धागा विणायचा, हे आमचं काम. अक्का म्हणायची, कापड उलटं करून उजेडात धरलं तरी जागा सापडली नाही पाहिजे. सापडली तर ते रफू नव्हे, ठिगळ. मी पाच वर्षांत तिच्या बरोबरीला आले आणि पुढच्या पाचांत तिच्या पुढे गेले. तिला याचं फार कौतुक होतं.

मग नवे माग आले. ते धागा तोडतच नसत. आम्ही बायका घरी बसलो. आणि आठ वर्षांपूर्वी एक कंपनी आमच्याच गावात आली. तिला सुया नको होत्या, आमचे डोळे हवे होते.

काम समजायला अवघड नव्हतं. दवाखान्यात डोक्याचा स्कॅन काढतात तेव्हा मशीन डोक्याच्या सहाशे-सातशे चकत्यांचे फोटो घेतं. प्रत्येक चकतीवर कंपनीचं सॉफ्टवेअर रक्तवाहिनीची कड आखतं. मग खालच्या चकतीच्या कडेवरचे बिंदू वरच्या चकतीच्या कडेवरच्या बिंदूंना जोडत जातं. तीन बिंदूंचा एक त्रिकोण, असे लाखो त्रिकोण, आणि त्यांची मिळून रक्तवाहिनीच्या आकाराची एक जाळी. पडद्यावर ती हवी तशी फिरवता येते, आत शिरून बघता येते. कुणाची वाहिनी फुगली असेल तर त्या जाळीवरून दुसरं मशीन एक अस्तर छापतं, केसाहून बारीक तारांचं, त्या एका माणसाच्या त्या एका वाहिनीच्या मापाचं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन ते फुगवट्यापाशी आतून बसवतात, तेही मशीनच. कवटी उघडायची गरज उरली नाही. पूर्वी ज्यांना मुंबईला नेईपर्यंत वेळ संपायचा, अशी माणसं आता तिसऱ्या दिवशी चालत घरी जाऊ लागली.

फक्त जाळीला भोक असलं की मशीन ती घेत नसे. आणि भोकं तर पडायचीच. पेशंट हलतो, दाताच्या चांदीमुळे फोटोवर रेघा उठतात, चकती धुरकट होते. तिथे सॉफ्टवेअरला कड सापडत नाही. ती भोकं आम्ही बुजवायचो, आजूबाजूच्या वळणावरून अंदाज बांधून. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये जे हत्यार होतं त्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला रफू म्हणायचो. दुसरं हत्यार होतं इस्त्री. धुरकट फोटोमुळे जाळीवर खरखर उठते. इस्त्री प्रत्येक बिंदूला उचलून त्याच्या शेजाऱ्यांच्या मध्यावर नेऊन बसवते, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत होतो. एकदा फिरवली की थोडा, दहादा फिरवली की लोण्यासारखा.

जिथे अंदाज केलाय तिथे लाल ठिपका ठेवायचा, असा नियम होता. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सांगितला होता, आणि लाल ठिपक्याची जाळी दवाखान्यातून परत येते हेही आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. आमचे सुपरवायझर कोळेकर यांनी ठिपके ठेवू नका असं कधी म्हटलं नाही. ते फक्त दर सोमवारी कुणाकुणाचा माल परत आला त्यांचे नंबर सगळ्यांसमोर वाचायचे. तीनशे चाळीस बायका होत्या आम्ही. आयुष्यभर परत आलेल्या मालाची लाज बाळगलेल्या. ठिपके आपोआप बंद झाले.

माझा नंबर सत्तावीस. आठ वर्षांत सत्तावीसचा एकही माल परत आला नाही. मी हे लोकांना न विचारता सांगत असे.

फेब्रुवारीत अक्काला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. सांगलीला नेलं, स्कॅन झाला, आणि नंतर पंधरा दिवस तिचं अंग सुजत गेलं. स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध देतात ते तिच्या मूत्रपिंडांना सोसलं नव्हतं. ते थोडं आवरल्यावर एका बुधवारी दुपारी डॉक्टर बिरनाळे यांनी आम्हाला बोलावलं. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी अक्काला सांगितलं की मेंदूतली एक वाहिनी फुग्यासारखी फुगली आहे, उद्या दोन वाजता अस्तर बसवू, अस्तर छापूनही झालंय. मग कौतुकानं पडदा आमच्याकडे वळवला आणि जाळी फिरवून दाखवली.

मी ती ओळखली.

फुगवट्याच्या थोडं वर वाहिनीनं एक गिरकी घेतली होती, अगदी बुगडीसारखी. अशी गिरकी मी दुसरी बघितली नव्हती. महिन्यापूर्वी माझ्या पडद्यावर ती आली होती तेव्हा मी शेजारच्या बाईला दाखवून हसले होते की ही बया डोक्याच्या आत बुगडी घालून फिरते. जाळ्यांवर नावं नसतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुरुस्ती २७, दर्जा शंभर टक्के.

आणि मला दुसरंही आठवलं. त्या जाळीला खूप भोकं होती. पेशंट खोकलाय, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. तीस वर्षं मागाच्या शेडमधला कापूस छातीत घेतलेल्या माझ्या बहिणीचा तो खोकला होता. आणि कुठल्याशा फांदीवर एक बारीक उंचवटा होता, राळ्याच्या दाण्याएवढा. कापडात सुताची गाठ येते तसा. मी त्याच्यावरून इस्त्री फिरवली होती. दोनदा नाही गेला म्हणून आणखी फिरवली होती.

खरखर असती तर ती दोनदात गेली असती. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना दारातच मला हे उमगलं. तो दाणा दुसरा फुगवटा असू शकत होता, नुकता धरलेला, पातळ सालीचा. इस्त्रीला त्यातला फरक कळत नाही. तिला दोन्ही सारखेच, शेजाऱ्यांपेक्षा वर आलेले चार बिंदू. उद्या बसणारं अस्तर त्या जागी सपाट भिंत आहे असं धरून ताणून उघडलं जाणार होतं.

नुसत्या आठवणीवर डॉक्टरांना काय सांगणार, म्हणून अक्काला वॉर्डात सोडून मी संध्याकाळच्या आत कोळेकरांकडे पोचले. मूळ चकत्या मागितल्या. जाळी पास झाली की सातव्या दिवशी चकत्या पुसतात, हे मलाही ठाऊक होतं, पण बुडणारा माणूस विचारून बघतोच. चकत्या जागा फार खातात, आणि कायद्यानंही जाळीलाच पुरावा धरलंय, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मग डॉक्टरांना कळवा की जाळी बरोबर नाही. कोळेकरांनी उठून दार लोटलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याची बायको एकोणसाठ नंबर होती.

"मंदाताई," ते म्हणाले, "सत्तावीसचा माल चुकीचा म्हणून मी लिहून दिलं, तर मग बरोबर कुणाचा म्हणायचा? उद्या शेडला कुलूप लागेल. आणि तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का, तो दाणा होता की धूर?"

मला नक्की माहीत नव्हतं. तीच तर माझी दशा होती.

आपल्या नंबरचा माल महिनाभर परत उघडता येतो. त्या जाळीला महिना व्हायला दोन दिवस उरले होते. गुरुवारी पहाटेच्या गाडीनं मी कंपनीची पाटी, म्हणजे कामाचा टॅबलेट, घेऊन सांगलीला निघाले आणि गाडीत बसल्या बसल्या जाळी उघडली. दाण्याची जागा शोधायची, डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायची, बस. माझंच काम होतं ते. मी प्रत्येक फांदी फिरवून बघितली. आत शिरून भिंतीची उलटी बाजू बघितली. त्रिकोणांचे आकार मोजले, वळणं मोजली. एकही सांधा सापडला नाही. जयसिंगपूर मागे पडलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि शेजारच्या बाईनं कुठे गमी झालीय का म्हणून विचारलं.

डॉक्टर बिरनाळे यांना मी सगळं सांगितलं. ठिपके, इस्त्री, दाणा, काहीही न लपवता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यासमोर जाळी पुन्हा तपासणीला लावली. तपासणी भोकं बघते, त्रिकोण एकमेकांत घुसलेत का ते बघते, ते एकसारखे आहेत का ते बघते. जाळी खरी आहे का, हे ती बघत नाही. पुन्हा शंभर टक्के आले.

"मशीन म्हणतंय निर्दोष, तुम्ही म्हणताय नाही," ते म्हणाले. "मला जागा दाखवा. मी अस्तर बदलून छापतो. पण जागा दाखवा."

"नाही सापडत."

"तुम्हीच केलंय ना?"

"मीच केलंय म्हणून तर."

दुसरा स्कॅन काढा, मी म्हटलं. त्यांनी सांगितलं की पहिल्या औषधानंच मूत्रपिंडं अर्धी गेलीत, दुसऱ्यांदा दिलं तर उरलेली जातील, बहुधा कायमची. वर पास झालेली जाळी हाताशी असताना दुसऱ्या स्कॅनला मशीन मंजुरीच देत नाही. आणि थांबूनही चालणार नाही, कारण मोठा फुगा कधीही फुटेल. म्हणजे तिन्हीकडून वाट बंद होती आणि घड्याळात सव्वादहा वाजले होते. शेवटी ते म्हणाले की डोकं तुमच्या बहिणीचं आहे, त्यांनाच विचारू या.

हे मला नको होतं. जगातलं दुसरं काहीही मी केलं असतं.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. सुजलेले पाय पांढऱ्या चादरीवर ठेवले होते. मी पाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. तिनं चष्मा चढवला, एक डोळा झाकून घेतला, कारण दोन्हींनी दोन-दोन दिसायचं, आणि स्वतःच्या डोक्यातली वाहिनी बोटानं फिरवून बघायला लागली. कापड तपासायची तशीच, एका काठापासून.

"तू चुकीचं शोधतीयास," ती थोड्या वेळानं म्हणाली. "डाग कशाला शोधतीस? तुझा हात हाय त्यो, डाग ऱ्हाईलच कसा? जिथं माल लई चांगला हाय, तिथं बघ. मागाचं कापड कधी इतकं चांगलं असतंय व्हय?"

इतकी सोपी गोष्ट होती. शरीरानं विणलेली भिंत थोडी तरी वेडीवाकडी असणार, आणि माझं रफू तेवढं गुळगुळीत. मी घाईघाईनं पाटीवर खडबडीतपणा रंगानं दाखवायला सांगितला. जिथे भिंत नैसर्गिक आहे तिथे पिवळा, जिथे फार गुळगुळीत तिथे निळा.

अख्खी जाळी निळी झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बुगडीसकट. कुठेही पिवळ्याचा टिपूस नव्हता. दाणा जाईना म्हणून चिडून मी शेवटी सगळ्याच जाळीवर इस्त्री फिरवली होती, हे मला तेव्हा आठवलं.

अक्कानं पाटी उलटसुलट करून बघितली.

"सगळं तुझंच हाय की गं ह्यात," ती म्हणाली. "माझं काय ऱ्हायलंय?"

ती रागावली नव्हती. खरोखर विचारत होती. मला मात्र तिच्या पायावर डोकं ठेवून मरावंसं वाटलं. पस्तीस वर्षं मी जे हुनर म्हणून मिरवलं त्यानं माझ्या बहिणीला तिच्याच डोक्यातून पुसून टाकलं होतं.

डॉक्टर खिडकीजवळ उभे होते. अक्कानं त्यांना विचारलं की मूत्रपिंडं गेली तर काय होतं. त्यांनी आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, जन्मभर, असं सांगितलं. आणि आज दोन वाजता अस्तर बसवलं तर? ते म्हणाले की मंदाताईंचा दाणा खरा असेल तर टेबलावरच जाल, खोटा असेल तर तीन दिवसांत घरी.

"दोनदा इस्त्री फिरवूनबी गेला न्हाई म्हणतीया ही," अक्का म्हणाली. "मग खराच असंल. हिच्या हाताला कळतंय, डोक्याला उशिरा कळतंय. काढा फोटू."

मशीन मंजुरी देणार नव्हतं, कारण जाळी पास होती. म्हणून मी ती फाडली. पाटीवर, माझ्याच नंबरनं उघडून, जिथे हात पडेल तिथून त्रिकोण उपटत गेले. आठ वर्षांत मी एक भोक उघडं सोडलं नव्हतं, त्या दिवशी पन्नास पाडली. अक्का बघत होती. दहा मिनिटांत सत्तावीसचा पहिला माल परत आल्याची नोंद झाली, आणि दुसऱ्या स्कॅनची मंजुरी आली. पाठोपाठ कोळेकरांचा फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही.

स्कॅनला चाळीस सेकंद हलायचं नव्हतं. शिशाचा एप्रन घालून मी तिच्या पायाशी उभी होते. तिच्या गळ्यात खोकला चढत येताना मला दिसत होता. तिनं दोन्ही मुठी आवळल्या, डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, आणि चाळीस सेकंद ती माझी बहीण दगड होऊन पडून राहिली. मशीन थांबल्यावर ती इतकी खोकली की दोन नर्सना धरावं लागलं.

या वेळी जाळी केलीच नाही. डॉक्टरांनी साध्या चकत्या एकेक करून बघितल्या, त्यांच्या शिकाऊ दिवसांत बघायचे तशा. दाणा होता. बुगडीच्या आतल्या वळणावर, जिथे बघून मी हसले होते, तिथे. आणि आता तो राळ्याएवढा राहिला नव्हता. ज्वारीएवढा झाला होता. अस्तर नेमकं त्याच्यावर ताणलं गेलं असतं.

इतक्या पातळ सालीवर कुठलंच अस्तर ताणायला नको म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांनी कवटी उघडून हातानं दोन चिमटे लावले, एक फुग्याला आणि एक दाण्याला. सहा वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं. मिरजेच्या एका निवृत्त डॉक्टरांना शेजारी उभं केलं होतं. सात तास लागले. अक्का जगली. मूत्रपिंडं गेली.

माझं काम गेलं, ते वेगळं सांगायला नको. शेड चालू आहे. कोळेकरांनी एकदा घरी येऊन सांगितलं की आता लाल ठिपक्यांबद्दल कडक सूचना लावली आहे. मी त्यांना माझ्या नंबरच्या जुन्या जाळ्या कुणाकुणाच्या होत्या ते विचारलं. नावं कंपनीकडे नसतात, चकत्या पुसल्या गेल्या, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, असं ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले. मी हिशेब केला नाही असं नाही. दिवसाला चार-पाच जाळ्या, आठ वर्षं. दहा हजारांच्या वर आकडा जातो. त्यातल्या किती जाळ्यांवर मी गाठ समजून काय काय सपाट केलं, ते सापडायची सोयही मीच ठेवलेली नाही.

आठवड्यातून तीनदा मी अक्काला घेऊन सांगलीला जाते. चार तास ती मशीनला जोडलेली असते आणि मी तिचा हात धरून बसते. गेल्या मंगळवारी समोरच्या खाटेवर नवा माणूस आला. कवठेमहांकाळकडचा, निवृत्त शाळामास्तर, ढवणे नावाचा, बोलका. मूत्रपिंडांचं दुखणं जुनं, पण त्याहून मोठ्या दुखण्यातून वाचलोय, असं कौतुकानं सांगत होता. दोन वर्षांपूर्वी डोक्यात अस्तर बसवलंय म्हणे. तिसऱ्या दिवशी चालत घरी. खिशातून प्लॅस्टिकचं ओळखपत्र काढून त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. जाळीचा दर्जा शंभर टक्के, हे त्यानं मोठ्यानं वाचलं. खालची बारीक ओळ त्यानं वाचली नाही, कुणीच वाचत नाही. मग चष्मा पुसत म्हणाला की दोन दिवस झाले, समोरचं जरा दोन-दोन दिसतंय, नंबर बदलून घ्यायला हवा.

ओळखपत्र फिरत फिरत आमच्या खाटेपाशी आलं होतं. अक्कानं ते डोळ्यांजवळ धरून खालची ओळ वाचली आणि माझ्या हातात दिलं. दुरुस्ती २७. या माणसाची जाळी मला आठवत नव्हती. काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी अक्काकडे बघितलं. घरी जावं, दार लावून घ्यावं, एवढंच माझ्या मनात होतं, आणि तिला ते कळलं.

अक्कानं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

"जा," ती म्हणाली. "सांग त्येला."